उडदाच्या दिवसांतले टायर

भाद्रपद उतरणीला लागला की केजहून नांदूरघाटकडे जाणाऱ्या रस्त्याचा रंग बदलतो. डांबराच्या कडेने, आणि रहदारी थोडी असेल तिथे थेट मधोमध, उपटलेला उडीद अंथरलेला दिसतो. वाळून काळपट झालेल्या शेंगा, त्यांत अडकलेली पिवळी पाने, दोन्ही टोकांना खूण म्हणून ठेवलेले दगड. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी त्यावरून जावे, शेंगा फोडाव्यात आणि मळणी करून द्यावी, असा हा अलिखित करार आहे. गाडीवाले कुरकुर करतात, पण वळसा घालून कुणी जात नाही. चाकाखाली शेंगा तडकू लागल्या की शेजारच्या घरात कुणी पापडांची चळत मोडत असावे तसा आवाज येतो. काच खाली असली तर एक कोरडा, किंचित कडवट, मातीत मुरलेला वास आत शिरतो. आज सकाळी तो वास पुन्हा आला. मी गाडीचा वेग कमी केला आणि त्या एका वर्षीचा उडदाचा हंगाम माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

असे काही लिहिण्याचा मला सराव नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो. प्रयोगवहीत निरीक्षण डावीकडे आणि अनुमान उजवीकडे लिहिण्याची सवय हाताला आहे. दोन्हींच्या मधल्या जागेत जे घडते ते कुठे लिहायचे असते, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही. मी सगळेच उशिरा सुरू केले. गाडी चालवायला शिकलो तेही पन्नाशी ओलांडल्यावर. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, त्याच्याकडून, क्लच सोडताना दर वेळी 'सॉरी' म्हणत.

आणि मग मी ती निळी गाडी घेतली. लातूरच्या एका डॉक्टरांनी हौसेने घेतलेली, टर्बो इंजिनाची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली, रुंद टायरांची. हौस त्यांची, पण वेळ त्यांच्याकडे नव्हता. गाडी बहुतेक काळ झाकून उभीच राहिली होती. मी ती का घेतली याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही. माझ्या स्वभावाला शोभणारी पांढरी, उंच, गरीब चेहऱ्याची गाडी त्याच दिवशी पाहिली होती. पण या निळीचा दरवाजा लावताना जो आवाज आला, तो ऐकून मला शाळेतल्या वर्गाच्या खिडकीतून दिसणारी, कलेक्टरसाहेबांसाठी उभी असलेली मोटार आठवली. त्या मोटारीला हात लावण्याचे धाडस मला तेव्हा झाले नव्हते.

केजमध्ये ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. माझा बालपणीचा मित्र भगवान, जो आता खताचे दुकान चालवतो, भर चौकात गाडीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, "अबे, तू वर्गात हजेरी देताना लाजायचास, आन् आता ही पळवणार? का ही तुला पळवणार बे?" मी नेहमीप्रमाणे हसलो. उत्तर मला घरी पोचल्यावर सुचले. तेही फारसे चांगले नव्हते.

माझी पत्नी सुजाता नांदूरघाटच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिचा आवाज प्रार्थनेच्या रांगेपासून रस्त्यापलीकडच्या हॉटेलापर्यंत स्पष्ट पोचतो. गाडी घरी आली त्या दिवशी ती पुढच्या जागेवर बसली, चप्पल काढून ठेवली, पाठ मागे रेलवली आणि म्हणाली, "चला, आता हिंडवा." मला तिचा नेहमीच हेवा वाटत आला आहे. माझे वडील धारूरच्या तहसिलीत शिपाई होते. साहेबांच्या जीपमध्ये त्यांची जागा मागे, आडव्या फळीवर, फायलींच्या गठ्ठ्याशेजारी. निवृत्तीनंतर एकदा पाहुण्यांनी आग्रहाने त्यांना आपल्या जीपमध्ये पुढे बसवले, तर धारूर ते केज त्यांनी पाठ टेकवली नाही. दोन्ही हात मांडीवर, मान ताठ, जणू कुणी कोणत्याही क्षणी 'मागे जा' म्हणेल. ती न टेकलेली पाठ माझ्याकडे वारशाने आली. सुजाताच्या घरात तीच परिस्थिती होती, पण तिने तो वारसा नाकारला. पुढच्या जागेवर ती बसते ती जागा आपलीच आहे अशा सहजतेने.

माझे महाविद्यालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खरे पाहता गाडीची मला गरजच नव्हती. रोज सकाळी सुजाताला नांदूरघाटला सोडायचे आणि परत यायचे, एवढेच त्या गाडीचे काम. पण त्या जाण्यात एक शोध लागला. समोरासमोर बसून ज्या गोष्टी मला आयुष्यभर बोलता आल्या नाहीत, त्या शेजारी-शेजारी बसून, डोळे रस्त्यावर ठेवून, सहज बोलता येऊ लागल्या. कुणी माझ्या चेहऱ्याकडे पाहत नाही आणि मलाही कुणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, या एका सोयीने माझी जीभ मोकळी झाली. वडिलांच्या शेवटच्या आजारपणाविषयी मी पहिल्यांदा बोललो तो त्या रस्त्यावर. निवृत्तीची मला भीती वाटते हेही तिथेच सांगितले. सुजाता एकदा म्हणाली होती, "तुमच्याशी लग्न झालं तवा मला वाटलं, हे पुस्तक मिटलेलंच राहणार. आता बघा, गाडीत बसलं की पान उलटतंय."

म्हणून त्या भाद्रपदात जे घडले त्यात फिरली ती नुसती गाडी नव्हती.

सकाळी ऊन होते. नांदूरघाटच्या अलीकडच्या वळणाशी मात्र नुकतीच एक सर येऊन गेली होती. आमच्याकडे पाऊस असाच पडतो, एका शेतात भिजवतो आणि शेजारचे शेत तसेच ठेवतो. वळणापलीकडे रस्त्यावर उडीद अंथरला होता आणि त्यावर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने काळ्या मातीचा थर आणून टाकला होता. शेंगा भिजल्या होत्या, माती लोण्यासारखी झाली होती. मी ब्रेक दाबला. गाडीने माझे ऐकले नाही. तिचे मागचे अंग हळूच, जवळजवळ नम्रपणे, पुढे यायला निघाले. बाभळीची झाडे, विजेचा खांब, आकाश, पुन्हा बाभळी असे सगळे काचेवरून सरकत गेले, आणि आम्ही मुरुमात जाऊन थांबलो. गाडीचे तोंड केजकडे झाले होते. कुणाला काही लागले नव्हते. गाडीला ओरखडाही नव्हता.

बांधावरून एक वयस्क बाई धावत आली. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात दाताळे. "लागलं का वो सायेब? ताई, बऱ्या हाव ना?" आम्ही बरे आहोत असे कळल्यावर तिने रस्त्यावर उमटलेले ते मोठे गोल पाहिले, वाकून मूठभर शेंगा उचलल्या, चोळल्या आणि काळेभोर दाणे आम्हांला दाखवत म्हणाली, "आसं गोल फिरून तर आमचं बैलबी मळत न्हाईत. आनखी एक चक्कर मारताव का? समदा निघंल."

सुजाता खळखळून हसली. मीही हसलो. मग तिचे हसू थांबले आणि मला तिचे हात दिसले. पर्सचा बंद तिने इतका घट्ट धरला होता की बोटे पांढरी पडली होती.

शाळेच्या फाटकाशी उतरताना ती म्हणाली, "तुमची गाडी चांगली हाय. पण उद्यापासून मी काळीपिवळीनं येत जाईन."

"माझ्यावर रागावलीस?"

"तुमच्यावर कावून रागावू? माझ्या मनात भ्या बसलंय. ते गेलं की सांगते."

दुसऱ्या दिवसापासून ती चौकातल्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये, दोन दूधवाल्यांच्या आणि एका कोंबड्यांच्या टोपलीच्या मधे बसून नांदूरघाटला जाऊ लागली. तक्रार नाही, टोमणा नाही. संध्याकाळी ती जीपमधल्या गमती सांगे. सगळ्या गमती इतरांच्या असत. आम्ही जेवायला समोरासमोर बसत होतो आणि माझ्या जिभेला पुन्हा जुने कुलूप लागले होते. सकाळी तिला चौकात जाताना पाहून मी एकटाच गाडी सुरू करी आणि इंजिन गरम राहावे एवढ्या सबबीवर बीडच्या रस्त्याला थोडा जाऊन परत येई. शेजारची रिकामी जागा सारखी डोळ्यांत खुपे. मला ती जागा भरलेली हवी होती. इतकी साधी गोष्ट मला हवी होती, आणि ती मागता येत नव्हती. म्हणून मी टायर शोधायला बसलो.

ज्याला बोलता येत नाही तो वाचतो. मी टायरांविषयी इतके वाचले की पीएच.डी.च्या वेळीही वाचले नसेल. रबर ही माझ्या विषयातलीच गोष्ट, तरी गंधकाने जोडलेल्या त्या लांब साखळ्या मी फळ्यावर किती वर्षे काढत होतो आणि त्यांच्यावर आपण बसतो हे कधी मनात आले नव्हते. मऊ रबर रस्ता धरून ठेवते आणि लवकर झिजते. कडक रबर दीर्घायुषी असते आणि आयत्या वेळी हात सोडते. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर राजा असतो, पण साचलेल्या पाण्यावर तो होडीसारखा तरंगू शकतो. पाणी बाजूला काढायला खाचा खोल आणि मोकळ्या लागतात. या गाडीला शोभणारे म्हणून जे टायर सांगितले जातात ते वेगासाठी घडवलेले. ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुठला रस्ता असतो कोण जाणे. उडदाचा नक्कीच नसतो.

आणि आमच्या जिल्ह्याचा रस्ता तरी एक कुठे आहे? मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटातले डांबर दुपारी इतके मऊ होते की चप्पल चिकटते. तेव्हा गाडीच्या चाकांतून सूंऽऽ असा चिकट आवाज येतो, फरशीवरून चिकटपट्टी सोलावी तसा. मृगाच्या आधी धुळीचे लोट येतात आणि रस्त्यावर रेतीची पातळ साय धरते. भाद्रपद-आश्विनात काळी माती. दिवाळीनंतर ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या सुरू होतात. त्यांतून निसटलेली उसाची कांडी चाकाखाली चिरडून रस्ता चिकट, गोडसर होतो, आणि पहाटेच्या दवात तोच चोथा निसरडा होतो. धारूरच्या चढावर पौषातले धुके इतके उतरते की किल्ल्याचा बुरूज आहे की ढग आहे हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. हे सगळे ऋतू एका टायरने पार करायचे. आमच्याकडचा माणूस मात्र टायर घेतो तो उन्हासाठी आणि दगडांसाठी. कोरडेपणाचीच आम्हांला इतकी सवय आहे की पावसासाठी काही निवडावे असे आमच्या मनातच येत नाही. त्याची वाट पाहतो, पण तो आला की काय करायचे याची तयारी नसते.

सुजाता माझ्या खांद्यावरून डोकावली. "रोज तेच. टायर बघताय का जावई?"

"जावयासारखाच बघावा लागतो."

"मग पगार इचारू नका. सवयी इचारा."

"हा बघ, ताशी दोनशे चाळीसपर्यंत..."

"कुठं जायचंय आपल्याला दोनशे चाळीसनं? नांदूरघाटला?" ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचा आवाज आला, "थांब म्हटलं की थांबतो का, तेवढं बघा."

मी वाचत असलेल्या सगळ्या पानांवर जाणे कसे, हेच मोठ्या अक्षरांत होते. थांबणे खाली, बारीक टाइपात. त्या दिवसापासून मी बारीक टाइप वाचू लागलो.

त्यातच एका ठिकाणी लिहिले होते की प्रत्येक टायरच्या कडेवर चार आकडे असतात; तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला ते त्यावरून कळते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ओले फडके घेऊन अंगणात गाडीपाशी उकिडवा बसलो.

"आता काय, पत्रिका?" सुजाता ओट्यावरून म्हणाली. "आपल्यात पत्रिका बघत न्हाईत."

"जन्मतारीख बघतोय फक्त."

चिखल पुसला आणि आकडे दिसले. मला वाटले होते त्यापेक्षा टायर कितीतरी म्हातारे होते. नक्षी मात्र अगदी शाबूत, जवळजवळ कोरी. डॉक्टरांची गाडी चाललीच नव्हती, त्यामुळे झिजायला त्यांना संधी मिळाली नव्हती. पण रबर वाट पाहत नाही. ते उभ्या उभ्या, आच्छादनाखाली, सावलीत, कुणाच्या लक्षात न येता कडक होत गेले होते. अंगठ्याचे नख रोवले तर उमटत नव्हते. जवळून पाहिल्यावर खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या.

खरे सांगायचे तर त्या क्षणी मी टायरांचा विचार करत नव्हतो. वापरले नाही म्हणून जपले गेले, असे आपण समजतो. मीही असेच समजत आलो होतो. सभेत बोललो नाही, भांडलो नाही, मागितले नाही, नकार दिला नाही; वाटे, हे सगळे कुठेतरी शिल्लक आहे, नक्षीसारखे, कोरे. ते शिल्लक नव्हते. आत काहीतरी कडक होत गेले होते. त्याच्यावर ओल्या रस्त्याचा भरवसा ठेवता येत नव्हता.

मांजरसुंब्याला, जिथे दोन महामार्ग एकमेकांना ओलांडतात आणि ढाब्यांचा धूर दिवसभर उठतो, तिथे मन्मथअप्पांचे टायरचे दुकान आहे. अप्पा पिढीजात व्यापारी. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, पांढरा शुभ्र सदरा, आणि टायरांच्या त्या काळ्या जगात सदऱ्यावर डाग कसा पडत नाही हे कोडे. मी गेलो तेव्हा त्यांनी चहा सांगितला, गाडीभोवती फिरले, नक्षीत बोट घातले आणि माझ्याकडे दयेने पाहिले.

"सर, हे टायर बदलताव? कावून?"

"जुने झालेत, अप्पा."

"जुने? बोट जातंय की आत! नवऱ्या मुलावानी हायेत. आनखी दोन पावसाळे आरामात जातेत."

असा दुकानदार मी पाहिला नव्हता. त्याला माल विकायचा नव्हता. मी तारखेविषयी बोललो, रबराच्या वयाविषयी बोललो. ते सगळे त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबर आसंल, सर. पर ज्याच्या अंगावर नक्षी हाय त्यो टायर आमच्याकडं कुणी काढीत न्हाई. देवाघरचं लेणं असल्यावानी वाटतंय." मग, माझा हट्ट पाहून, त्यांनी एक जाडजूड, कातळासारखा टायर पुढे ढकलला. "घ्यायचाच तर ह्यो घ्या. तुमची नातवंडं म्हणतेल आजोबांनी घेतल्याला हाय."

मला नातवंडांपर्यंत टिकणारा टायर नको होता. मला हवा होता तो मधला: उन्हात फार न वितळणारा, पाण्याला वाट देणारा, चिखलात भान ठेवणारा, वेगात थोडा कमी पडला तरी चालेल असा. वर्गात असा एक विद्यार्थी असतो. कुठल्याच विषयात पहिला येत नाही, पण कुठेच नापासही होत नाही. पाहुणे आले की त्यालाच पाणी आणायला पाठवावेसे वाटते. सर्व ऋतूंचा म्हणून जो टायर मी निवडला तो तसा होता. अप्पांनी त्याचे नाव ऐकून भुवया उंचावल्या. "ह्यो मागवावा लागंल. आपल्याकडं ह्याला कुणी इचारीत न्हाई."

मागवला. तोपर्यंत उडीद उठला, सोयाबीन पिवळे पडू लागले, ढग येत-जात राहिले आणि सुजाता काळीपिवळीनेच जात राहिली.

टायर आल्याचा निरोप मिळाला त्या दिवशी सुजाता जिल्हा परिषदेच्या बैठकीसाठी बीडला गेली होती. मी तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "परतीच्या यष्टीनं मांजरसुंब्याला उतरते. जावई तरी बघते. मग पुढच्या गाडीनं केजला जाईन." पुढच्या गाडीने. ते शब्द तिने अगदी सहज उच्चारले.

मी पोचलो तेव्हा आभाळ दाटून आले होते. चारही चाके काढून झाली, नवे टायर चढले, यंत्रावर फिरवून तोल साधला गेला. नव्या रबराचा वास आला की मला नेहमी शाळेच्या पहिल्या दिवसाची आठवण होते. नव्या खोडरबराला मी तेव्हा पुन्हा पुन्हा नाकाशी धरत असे. तोवर बीडहून येऊन पोचलेली सुजाता दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत सगळे बघत होती.

गाडी खाली आली तसे अप्पांनी आतून नारळ आणि चार लिंबे आणली. प्रत्येक नव्या टायराखाली एक लिंबू ठेवायचे आणि गाडी पुढे घ्यायची, ही त्यांच्या दुकानाची रीत. ते वाकून पहिले लिंबू ठेवत होते, एवढ्यात सुजाता उठली.

"अप्पा, आमच्यात लिंबू चाकाखाली न्हाई ठेवत. पोटात जातं."

अप्पांच्या भस्माखालच्या सुरकुत्या हलल्या. "मग घ्या ताई, सरबत करा. पर नारळ तर फोडू द्या. त्योबी पोटातच जातोय."

"नारळाला आमची ना न्हाई."

नारळ फुटला, खोबरे वाटले गेले. मी निघण्याच्या तयारीत होतो. तेव्हा मला दिसले की माझे जुने चार टायर पुसून, पाण्याने धुऊन, दुकानाच्या दर्शनी बाजूला रांगेत उभे केले जात आहेत.

"हे इथं कशाला, अप्पा?"

"एक गिऱ्हाईक हाय आपलं, आष्टीकडचं. लेकरं घेऊन पुन्याला येत-जात आस्तंय. त्याच्या गाडीला बरोबर बसतेत. नक्षी कसली हाय बगा! त्योबी खूश, तुमाला बी मी कायतरी कमी करून देतो."

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होते. 'तुम्हाला योग्य वाटेल तसं बघा.' हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा, इतक्या लोकांना म्हटले आहे की ते उच्चारायला मला श्वासही लागत नाही. सुजाता माझ्याकडे पाहत होती. एरवी अशा वेळी माझे अडलेले वाक्य ती पूर्ण करते. तिने केले नाही.

"नाही," मी म्हणालो.

"न्हाई म्हंजी?"

"हे टायर कुणाच्याही गाडीला लागणार नाहीत. कापून टाका."

"सर!" अप्पांना खरोखरच धक्का बसला होता. "चांगल्या जिनसाला सुरी लावू म्हणताव? पाप लागतंय त्याचं. रागावू नका, पर तुमी शिकलेली मान्सं पुस्तकातलं लई मनावर घेताव."

"ओल्या रस्त्यावर ह्या टायरांनी आम्हांला गोल फिरवलंय, अप्पा. आम्ही दोघं होतो गाडीत. तुमच्या गिऱ्हाइकाबरोबर लेकरं असणार." माझा आवाज चढला नव्हता, पण थरथरतही नव्हता. तो मला ओळखीचा वाटला नाही. "मला काही कमी करून नको. माझ्यासमोर कापा. मी थांबतो."

रस्त्यावरून एक कंटेनर गेला. मग अप्पांनी एक टायर आडवा केला, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि आतून मोठी सुरी मागवली. पहिल्या टायराची कड त्यांनी स्वतः चिरली. रबर इतके कडक होते की सुरी अडली आणि चिरताना आतून वाळल्या लाकडासारखा आवाज आला. अप्पांनी तो काप बोटांत धरून वाकवून पाहिला. तो वाकला नाही, तडकला.

"आता पत्र्यावर टाकायला होतेत," ते पुटपुटले. "वाऱ्यानं पत्रा उडत न्हाई." उरलेले तीन त्यांनी दुकानातल्या गड्याकडून चिरून घेतले आणि मला नमस्कार केला. त्या नमस्कारात थोडा राग होता, थोडे आणखी काही होते. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तिथून गेलो आहे, त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलेले नाही.

पावसाला सुरुवात झाली तेव्हाच केजची यष्टी आली. कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, "नेकनूर, केज, अंबाजोगाई! चला, चला!" लोक पदर, पिशव्या, वर्तमानपत्रे डोक्यावर धरून धावले. सुजाताही पायरी उतरून दोन पावले पुढे गेली. मी तिला हाक मारली नाही. जे हवे होते ते मागायची वेळ आली तेव्हा माझे बोलणे त्या एका नकारात संपून गेले होते. कंडक्टरने तिला पाहिले.

"ताई, येताव का? जागा हाय!"

"न्हाई हो," ती पावसातून ओरडली, "आमची गाडी हाय!"

मग ती माझ्याकडे वळली. "दार उघडा की. भिजवताय का मला?"

ती बसली, चप्पल काढली, ओला पदर झटकला, बैठकीची पिशवी मांडीवर घेतली. आम्ही निघालो. पाऊस वाढला. समोरच्या काचेवर पाण्याचे पडदे ओढले जात होते आणि बाजूला सारले जात होते. माझ्याजवळ किती आठवड्यांचे बोलणे साचले होते! खाचा पाणी कशा कापतात, मऊपणा आणि आयुष्य यांचा हिशेब कसा जुळवावा लागतो, मी हाच टायर का निवडला, ती जीपमधून जात असताना सकाळी मी कुठे कुठे उगाच फिरून येत होतो. नेकनूरच्या अलीकडे रस्ता खचून पाण्याचे मोठे डबके झाले होते. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, एखादे शहाणे माणूस बोलता बोलता थांबते तशी, मंदावली. पाणी दोन्ही अंगांना उडाले आणि चाकांखाली रस्ता जाणवत राहिला. मला अभिमानाने भरून आले.

"पाहिलंस, सुजाता?" मी म्हणालो.

मी एक क्षण नजर वळवली. तिचे डोके खिडकीकडे कलले होते, तोंड किंचित उघडे होते, हात पिशवीवरून घसरून मोकळे पडले होते. ती झोपली होती. अगदी गाढ, दिवसभर बैठकीत भांडून आलेले माणूस घरच्या खाटेवर झोपते तशी.

माझे सगळे बोलणे तिथेच राहिले आणि त्याची चुटपुट लागली नाही. मी वेग कमी केला. मग आणखी कमी केला. वळणावर तिचे डोके हलू नये म्हणून स्टिअरिंग इतके अलगद फिरवले की प्रयोगशाळेत थेंब थेंब आम्ल सोडतानाही हात इतका हळू चालला नसेल. ताशी दोनशे चाळीसचे टायर शोभावेत अशी ती निळी गाडी पावसात सायकलीच्या चालीने चालली होती. सगळ्यांनी मला मागे टाकले. पिकअप, दुचाक्या, छत्री धरून चालवणारा एक स्कूटरवाला. शेवटी मागून मळणीयंत्र ओढणारा एक ट्रॅक्टर आला. चालकाने एकदा हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि शेजारी येऊन वरून खाली पाहिले. एवढी वेगाची गाडी अशी कशी रांगते, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. तिसऱ्यांदा हॉर्नकडे त्याचा हात गेला.

अनोळखी माणसाला मी कधी खूण करत नाही. त्या दिवशी केली. स्टिअरिंगवरचा एक हात उचलून बोट ओठांवर ठेवले आणि शेजारच्या जागेकडे मान हलवली.

त्याने माझ्या पलीकडे पाहिले. त्याचा हात हॉर्नवरून मागे आला. ट्रॅक्टर हळू आवाजात चालवता येत नाही. पण पुढे निघून जाताना त्याने तसा प्रयत्न केला, असे मला वाटले.